सायलीस, आजारपणात

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला धड बोलवतही नव्हतं, म्हणून लिहून पाठवते. पडल्या पडल्या प्राचीला वाचून दाखवायला सांग. यातलं निम्मं तिच्यासाठीच आहे.

आधी मनातली भीती काढ. मेसमध्ये जेवणाऱ्या तिघीचौघींना एकदमच उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, अंगात कणकण, हे सगळं बहुतेक नोरोव्हायरसचं दिसतंय. हा विषाणू पोटात गेला की 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो आणि साधारण एक ते तीन दिवसांत उतरतो. त्याला मारणारं औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, उलट आतड्यातले उपयोगी जंतू मारून जुलाब वाढवू शकतं. तेव्हा कपाटातली उरलेली पट्टी काढू नकोस. जुलाब बांधायची गोळीही मनाने घेऊ नकोस. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल.

बाबांचं चाललंय की सरळ जाऊन एक सलाइन लावून घे. आरोग्य उपकेंद्रात मी नोकरीभर हेच ऐकत आले. बाटली टांगल्याशिवाय माणसाला उपचार झाल्यासारखं वाटतच नाही. पण तोंडाने घेतलेलं पाणी पोटात टिकतंय तोवर सुईची गरज नसते. या आजारात माणूस खचतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते भरून काढलं की बाकीचं काम शरीर करतं.

म्हणून जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेलं बघून घे. फळाच्या चवीचे गोड डबे ओआरएसच्या नावाने विकायचे, त्या नावावर एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2025 च्या ऑक्टोबरात बंदी आणली. तरी पाकीट वाचूनच घ्यायचं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात, असले हिशेब नकोत. आणि एकदा केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्यायचं. रात्री-अपरात्री पाकीट मिळालं नाही तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा छोटे चमचे आणि मीठ अर्धा छोटा चमचा, चमचे सपाट, शीग लावलेले नाहीत. साखर जास्त पडली तर आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणूनच थंड पेयं आणि बाटलीतले ज्यूस आत्ता नकोत.

आतड्याच्या आवरणात एक दार असतं असं समज. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले की उघडतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. जुलाब चालू असतानाही हे दार बहुतेक शाबूत असतं. नुसतं पाणी पिऊन जे साधत नाही ते चिमूटभर मीठ-साखरेने साधतं ते यामुळे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. शंभरात तीसजण दगावत होते, तिथे प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, आई-बाप आणि भावंडं होती. प्राचीला हे मुद्दाम सांग.

आता पाजायचं कसं. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच नको. मग एक चमचा, मिनिटभर थांबून दुसरा. तहान कितीही लागली तरी तांब्या तोंडाला लावू नकोस. एकदम घेतलेलं पाणी पोट परत फेकतं. चमचे टिकायला लागले की घोट. त्यानंतर प्रत्येक जुलाबामागे एक पेला. कंटाळा येईल, चवही आवडणार नाही, तरी घे.

प्राचीला सांग, सॅनिटायझरवर विसंबू नकोस, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण लावून वीस सेकंद हात धुवायचे. उलटी पडलेली जागा तोंडाला फडकं बांधून पुसायची आणि ब्लिचिंगच्या पाण्याने धुवायची. तुझा टॉवेल, पेला वेगळा. बरं वाटल्यावरही दोन दिवस तू कुणासाठी काही शिजवायचं नाही. विषाणू त्यानंतरही कितीतरी दिवस शौचातून पडत राहतो.

भूक लागली की खा, उपाशी राहू नकोस. तांदळाची पेज, मऊ भात-मेतकूट, केळं, पातळ ताक. दूध चार-आठ दिवस नको. आतड्याचं आवरण सोलवटलेलं असतं, दूध पचवायचं द्रव्य तिथेच तयार होतं, त्यामुळे पोट फुगतं. मिसळ कुठे पळून जात नाही. जुलाब थांबले तरी आठवडाभर पाय गळल्यासारखे वाटतील. त्यात परीक्षेची घाई करू नकोस, सबमिशन पुढे ढकलून घे. त्याची विनंती मी लिहून देईन.

आता हे नीट ऐक. आठ तास लघवीच झाली नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, शौचात रक्त दिसलं, ताप 102 च्या वर गेला, किंवा चमचाभर पाणीही टिकेना, तर रिक्षा करून दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. तिथे मग सलाइन लागली तर खुशाल लावून घे. आणि पुढच्या काही आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर एक दिवसही थांबू नकोस. 2025 च्या जानेवारीत तुमच्याच सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या गिलॅन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले तेव्हा कितीतरी जणांना आधी जुलाब झाले होते, आणि तपासणीत काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते. असं क्वचितच होतं, पण वेळेत उपचार मिळाले तर फार फरक पडतो. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळूनच घ्या, टँकरचं असो की नळाचं.

मी उद्या सकाळच्या एसटीने निघते. मेतकूट आणि घरचे तांदूळ आणतेय. संध्याकाळी मला फोन कर आणि लघवी शेवटची कधी झाली ते आधी सांग, बाकीचं नंतर.

तुझी,
आई