धाटाच्या बैलगाडीलाही गुण द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना सप्रेम नमस्कार.

ज्वारीची काढणी झाली की आमच्या लातूरकडे कडब्याच्या गंजीपाशी लेकरं बसलेली दिसतात. धाट म्हणजे ज्वारीचं वाळलेलं ताट सोलायचं, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या टोचायच्या. चाकं, साटा, जू, सगळं जुळून बैलगाडी उभी राहते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मोठी माणसं शेतात कडब्याची कोप (खोपी) बांधतात, तेव्हा शेजारी पोरांचीही एक इवली कोप असते. यात विकतचं काही नाही आणि पाऊस पडला की सगळं मातीत मिसळतं.

पण कार्यानुभवाचा प्रकल्प म्हटला की हेच लेकरू वडिलांचा हात धरून तालुक्याच्या दुकानात जातं. फोम शीट, चमकी, प्लास्टिकची फुलं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यानं २०१८ मध्येच बंदी आणली, त्याची जागा या वस्तूंनी घेतली. मजुरीवर चालणाऱ्या घराला हा खर्च टोचतो. वर्षाअखेरीस त्या वस्तू शाळेमागे जाळलेल्या पाहिल्या की जीव तुटतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. आपल्या खात्यानं २०२४ मध्ये उपक्रमांसाठीचा 'आनंददायी शनिवार' सुरू केला. म्हणजे वेळ आहे. अडतं ते नोंदीपाशी. दाखवायला वस्तू हवी, म्हणून गुरुजी टिकणारी वस्तू मागतात. एक फोटो आणि मुलानं स्वतः लिहिलेल्या चार ओळी आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला पुरतील, एवढं परिपत्रकात स्पष्ट लिहा. मातीच्या बैलाला तडे का गेले, हे त्यानं लिहावं. आपली काळी माती वाळताना फार आकसते. भुसा किंवा शेण मळलं तर कमी तडकते. हे त्याला करून बघू द्या.

सोबत शिक्षकांसाठी पानभर सूचनाही हव्यात, कारण रानात धोके आहेत. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते, रुईचा चीक डोळ्याला घातक असतो, गुंजेचं बी विषारी. दगडाखाली विंचू असतो, म्हणून दगड मोठ्यांनीच उचलावेत. गळून पडलेलंच वेचायचं, सुगरणीच्या खोप्याला हात लावायचा नाही.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे परिपत्रक मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोहोचावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक पालक, जि. लातूर