सोमवारच्या कप्प्यातली रविवारची गोळी : एक तक्रार पत्र

प्रति,
माननीय संचालक,
ज्येष्ठ नागरिक निवास व शुश्रूषा केंद्र (गंगापूर रोड शाखा), नाशिक

विषय : खोली क्र. १४ मधील रहिवाशाला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सलग सहा दिवस दिल्याबाबत आणि त्यावर आपण पाठवलेल्या उत्तराबाबत.

संदर्भ : आपला गेल्या मंगळवारचा ईमेल.

महोदय,

स. न. वि. वि.

आपला ईमेल मिळाला. त्यात झाल्या प्रकाराला ‘किरकोळ मानवी चूक’ म्हटलं आहे, पुढच्या महिन्याच्या शुल्कात दहा टक्के सवलत देऊ केली आहे आणि शेवटी ‘आजींच्या वयोमानामुळे त्यांच्या सांगण्यात विसंगती आढळते’ असं एक वाक्य आहे. सवलत नको. चुकीबद्दल खाली लिहितेच, पण हे पत्र मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

माझी आई ७८ वर्षांची आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर घरी चोवीस तास कोणी नाही, माझी नोकरी सातपूरला शिफ्टची, म्हणून अकरा महिन्यांपूर्वी तिला आपल्याकडे ठेवलं. राहण्या-जेवणाच्या शुल्काखेरीज दरमहा १८०० रुपये ‘औषध व्यवस्थापन’ म्हणून मी वेगळे भरते. गोळ्यांचं बिल निराळं. हे १८०० रुपये गोळ्या आणण्याचे नाहीत, त्या नीट देण्याचे आहेत. निदान माझी तरी तशी समजूत होती.

आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅमची एक गोळी, फक्त रविवारी. बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची एक गोळी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रविवार’ हा शब्द मराठीत लिहून त्याभोवती दोनदा गोल केला आहे. तो गोल हौसेने केलेला नाही. हे औषध रोज घेतलं तर अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी घसरतात, तोंडापासून आतड्यापर्यंत आतून सोलवटून निघतं. उतारवयात मूत्रपिंडं मंदावलेली असतात, त्यामुळे ते शरीरात साचतं. आठवड्याऐवजी रोज दिल्यामुळे जगभर माणसं गेली आहेत. हे मला आज कळलेलं नाही. आईला दाखल करताना मी हे आपल्या सिस्टरना तोंडी सांगितलं होतं आणि अर्जातही लिहिलं होतं.

दिवाळीच्या आठवड्यात आपला निम्मा स्टाफ गावी गेला. ते ठीकच, त्यांनाही घरं आहेत. आईच्या मजल्यावरच्या नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या आणि बदलीवर आलेल्या सिस्टरनी रविवारी रात्री सगळ्यांचे आठवड्याचे डबे भरले. सात कप्प्यांचे ते प्लॅस्टिकचे डबे. गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून कप्प्यात टाकल्या की कोणत्या गोळीचं नाव काय हे सांगायला कागद उरत नाही. आईच्या या दोन्ही गोळ्या पिवळसर, डाळीच्या दाण्याएवढ्या. सोमवार ते शनिवार मेथोट्रेक्सेट पडली आणि रविवारच्या कप्प्यात फॉलिक ॲसिड. बरोबर उलटं.

आता आईबद्दल. ती नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं होती. नोटा मोजणं आणि तपासणं ज्यांचं काम होतं त्यांच्यातली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे ती अंगठ्याने सरकवून मोजते. गोळीसुद्धा तोंडात टाकण्याआधी तळहातावर घेऊन उलटसुलट बघते. सोमवारी सकाळी तिने तशीच बघितली आणि मावशींना म्हणाली, “ही माझी नाही. माझीला मधे रेघ असते.”

एवढंच ती म्हणाली. तेवढं पुरेसं होतं.

मावशींनी सिस्टरना बोलावलं. सिस्टर म्हणाल्या, कंपनी बदलली असेल, घ्या आजी, बाकीचे थांबलेत. आईने दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा घेतली. आपल्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात जे लिहिलं आहे ते मी स्वतः वाचलं : ‘पेशंट गोंधळलेली, औषध नाकारते, समजावून दिले.’ बुधवारी आईने मला फोनवर सांगितलं. मी लगेच आपल्या व्यवस्थापकांना फोन केला. ‘ताई, ब्रँड बदलला की रंग-आकार बदलतो, काळजी करू नका,’ असं उत्तर मिळालं. स्ट्रिप उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. आणि मीही विश्वास ठेवला, तो माझा दोष. चार दिवस मी तिकडे फिरकले नाही.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास फराळाचा डबा घेऊन आले. आईने चिवड्याचे चार दाणे तोंडात घातले आणि डोळ्यांत पाणी आणून बाहेर काढले. म्हणाली, तिखट झालाय. चिवड्यात मिरची नव्हतीच, तिच्यासाठी मुद्दाम वेगळा केला होता. शंकरपाळं दुधात बुडवून दिलं, तेही गिळवेना. ‘आ’ कर म्हटलं, तर जिभेच्या कडेला, गालांच्या आत, सगळीकडे पांढुरके व्रण. टॉवेलवर रक्ताचे डाग होते. मावशी म्हणाल्या, दोन दिवस झाले, कवळी लागत असेल.

तेव्हा मी औषधांचं कपाट उघडायला लावलं आणि आईसारखीच मोजायला बसले. मेथोट्रेक्सेटच्या दहाच्या स्ट्रिपमधून तो रविवार धरून तीन रविवारच्या तीन गोळ्या जायला हव्या होत्या, सात उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या दोन. फॉलिक ॲसिडच्या नव्या स्ट्रिपमधली फक्त एक गोळी फोडलेली होती, आणि ती रविवारच्या कप्प्यातून त्याच सकाळी आईच्या पोटात गेली होती. दोन्ही स्ट्रिपचे आणि डब्याचे फोटो माझ्याकडे आहेत.

त्याच वेळी रजिस्टरचाही फोटो घेतला, कारण त्यात मला आणखी एक गंमत दिसली. दुपारचे चार वाजले होते आणि रात्री नऊच्या गोळ्यांच्या रकान्यात बरोबरची खूण आधीच झालेली होती. खोली १४ च्याच नाही, मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांच्या. शिवाय खूण एका वेळेला एकच. सकाळी सहा गोळ्या असोत की दोन, एकच खूण. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणी दिली, काहीच नाही. अशा रजिस्टरवरून पेशंटला काय दिलं ते देवालाही सांगता यायचं नाही.

आईला त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलं. पांढऱ्या पेशी १९००. साधारण ४००० ते ११,००० असायला हव्यात. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं, सलाइन, अँटिबायोटिक, नऊ दिवस. बिल १,३८,००० रुपये. तिथल्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, “गोळी वेगळी आहे हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?” मी म्हटलं, आईच्या. ते म्हणाले, मग ऐकलं का नाही?

हाच प्रश्न मी आपल्याला विचारते आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, दुकानदार औषध देतो, सिस्टर डबा भरतात, मावशी हातावर ठेवतात. या सगळ्यांच्या नजरेतून चूक सुटली तर ती पकडू शकेल असं एकच माणूस उरतं, ज्याच्या तळहातावर ती गोळी असते. आपल्याकडे त्या माणसाने तोंड उघडलं की ते ‘गोंधळलेली’ म्हणून नोंदलं जातं. आणि इतकं होऊनही आपल्या ईमेलमध्ये तेच. विसंगती आईच्या सांगण्यात नव्हती, डब्यात होती.

चुका होतात हे मला मान्य आहे. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला अशाच एका केअर होममध्ये कामाला आहे. तिने सांगितलं म्हणून मी वाचलं : २००९ साली तिथल्या ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध झाली, तर दहातल्या जवळजवळ सात जणांच्या औषधांत काही ना काही चूक सापडली. लिहिण्यात, दुकानात, देण्यात, तपासण्या करण्यात. तिथेही हे हाल. पण ते त्यांनी लपवलं नाही. पुढे २०१४ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने केअर होममधल्या औषधांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहीण सांगते, आमच्याकडे प्रत्येक औषधाला नोंदीच्या तक्त्यावर स्वतंत्र ओळ, गोळी गिळताना बघायची आणि मगच सही, आधी कधीच नाही. रहिवाशाने नकार दिला तर तो नोंदवायचा आणि कारणही त्याच्याच शब्दांत. ‘माझीला मधे रेघ असते’ असं कोणी तक्त्यावर लिहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला असता. यात लेस्टरचा पैसा लागत नाही. एक छापील कागद आणि एक पेन लागतं.

अकरा महिन्यांत बाकीही बरंच दिसलं, तेव्हा बोलले नाही. आईच्या शेजारच्या खोलीतले काका कंपवाताचे. त्यांची लेव्होडोपाची गोळी अकराची. ती ‘जेवणाबरोबर सगळ्यांना एकदम’ म्हणून एक वाजता, वरणभात-पनीरच्या ताटासोबत यायची. ही गोळी वेळेवर लागते, आणि प्रथिनांच्या जेवणाबरोबर नीट शोषली जात नाही. दोन तास उशीर म्हणजे काय, ते त्या काकांचा चमचा ताटापासून तोंडापर्यंत जाताना बघितलं की कळतं. अर्धा भात सदऱ्यावर. मग मावशी म्हणणार, काका सांडतात फार. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची, ती चहाच्या कपाबरोबरच फिरते. गिळता येत नाही म्हणून एका आजींची बीपीची एक्सएल गोळी खलबत्त्यात कुटताना मी बघितली आहे. दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली गोळी कुटली की सगळी एकदम सुटते. आणि पँट्रीतला तो फ्रिज : दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीची जुडी आणि बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेल्या इन्सुलिनच्या कुप्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळवून टोचायचं नाही. त्या फ्रिजमध्ये मला थर्मामीटर कधी दिसला नाही.

मावशींबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. एका मजल्यावर बावीस म्हातारी माणसं आणि सकाळी दोन मावशी. आईचे केस विंचरून देणाऱ्या त्याच. त्यांना काढून टाकून ‘कारवाई केली’ असं मला कळवू नका. बदलीच्या सिस्टरना कोणी काय समजावून दिलं होतं, आठवड्यातून एकदाच्या औषधांची वेगळी यादी भिंतीवर होती का, भरलेला डबा दुसऱ्या कोणी तपासला का, हे प्रश्न वरच्या खुर्च्यांना आहेत.

मला पाहिजे ते असं. झाल्या प्रकाराची लेखी चौकशी, आणि तिचा अहवाल आपल्या सहीने. त्या आठवड्याच्या रजिस्टरच्या पानांच्या प्रती. दवाखान्याचे १,३८,००० रुपये आणि अकरा महिन्यांचं औषध व्यवस्थापन शुल्क, १९,८०० रुपये, परत. ‘पेशंट गोंधळलेली’ हा शेरा खोडू नका. त्याच्याखाली तारीख टाकून लिहा की रहिवाशाचं म्हणणं बरोबर होतं. आणि मेथोट्रेक्सेटसारखी आठवड्याची औषधं यापुढे डब्यात भरू नका. ती मूळ स्ट्रिपमध्ये, वेगळ्या पाकिटात, वर वार लिहून, कुलपात राहू द्या. त्या दिवशी दोघांनी बघून द्यावी. आईपुरतं म्हणत नाही, कारण त्या मजल्यावर संधिवाताची आणखीही माणसं आहेत.

पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. करारातलं ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायकक्षेत’ हे कलम मी वाचलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरही कळवणार आहे.

आई सध्या माझ्याकडे, इंदिरानगरला आहे. तोंड बरं झालंय, काल पिठलं-भात जेवली. खोली १४ मध्ये तिचा जवळचा चष्मा, डॉक्टरांची जुनी फाईल आणि तुळशीची कुंडी राहिली आहे. शनिवारी माझा भाऊ येऊन घेऊन जाईल. फाईलमधल्या ‘रविवार’ लिहिलेल्या चिठ्ठीसकट सगळे कागद मोजून द्यावेत. घरी आल्यावर आई मोजणारच आहे.

कळावे,
आपली,
खोली क्र. १४ च्या रहिवाशाची मुलगी
इंदिरानगर, नाशिक

सोबत : दोन्ही स्ट्रिप, डबा आणि रजिस्टरचे फोटो, रक्ततपासणीचे अहवाल, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड व बिल यांच्या प्रती.