कात्रजच्या काकांचा नंबर कॅलेंडरमागे आहे

प्रिय आई, बाबा,

वाकड ते कोथरूड, तासाभराचा रस्ता, आणि तरी पत्र लिहितेय, कारण समोर बसून मी हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई चहा टाकायला उठते. फोनवर तर "मी बरा आहे, हे घे, आईशी बोल" एवढंच. म्हणून आता वाचा. बाबांनी आधी वाचा, मग आईला द्या.

मंगळवारी बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनला गेलो होतो ना, मी बिल भरायला गेले, लाईन मोठी होती, पाऊण तास गेला. परत आले तर बाबा बोलत होते. शेजारच्या माणसाशी. मी खांबाशीच थांबले, कारण मी दिसले असते तर तुम्ही लगेच गप्प झाला असतात. चोरून ऐकलं, त्याबद्दल माफ करा. कात्रजचे ते काका, एसटीत ड्रायव्हर होते म्हणे, त्यांनी आधी एवढंच विचारलं, "कितवं तुमचं?" तुम्ही म्हणालात पाचवं. ते म्हणाले माझं तेविसावं. आणि मग तुम्ही त्यांना सांगितलंत की रात्री अंगातून वाफ निघते, बनियन पिळून काढावा इतका घाम येतो. जानेवारीत तुम्ही फॅन फुल्ल लावता आणि आई स्वेटर, कानटोपी घालून झोपते, आणि तिला सांगितलंय काय तर पित्त वाढलंय. वर्षभर आम्ही तुम्हाला कोकम सरबत देतोय बाबा!

काका म्हणाले, इंजेक्शननेच होतं, मलाही होतं, उशाशी पंचा ठेवा, सुतीच घाला, रात्रीचा चहा बंद करून बघा, मला तरी फरक पडला. मग त्यांनी विचारलं छातीवर सूज येऊन दुखतं का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, आणि तुम्ही हो हो म्हणत होतात. मग तुम्ही आवाज खाली घेतलात आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. यायलाही नको होतं, ते मुलीला सांगायचं नसतंच. पण डॉक्टरांसमोर, मी आणि आई शेजारी बसलेल्या असताना, तेही तुम्हाला सांगता येत नसणार, हे माझ्या डोक्यात वर्षभर का आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

एक मात्र ऐकू आलं. "हल्ली रडू येतं हो, बातम्या बघतानासुद्धा." बाबा, तुम्ही खचलात असं कृपा करून समजू नका. हा कॅन्सर हाडात गेला तरी त्याचं खाद्य टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनच असतं, आणि ते इंजेक्शन नेमकं तेच तोडतं. तुम्हाला कात्रणं जमवायची आवड म्हणून सांगते, शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजचे उपचार अजूनही त्याच पायावर उभे आहेत. पण ते हार्मोन गेलं की घाम, थकवा, स्नायू उतरणं, हाडं ठिसूळ होणं, मन हळवं होणं हे सगळं मागोमाग येतं. हेच सगळं मी तुम्हाला दहा वेळा वाचून दाखवलं असतं तरी त्या काकांच्या "मलाही होतं" ची सर आली नसती.

मागे तुम्हाला मी आग्रहाने एका सपोर्ट ग्रुपला पाठवलं होतं, आठवतंय? तुम्ही घरी येऊन "छान होतं" म्हणालात आणि परत गेला नाहीत, मी चिडले होते. नंतर आईकडून कळलं की तिथे बहुतेक बायका होत्या, ब्रेस्ट कॅन्सरच्या, आणि पुरुष दोनच, दोघांचंही सुरुवातीलाच ऑपरेशन झालेलं, एकजण उठून म्हणाले मी कॅन्सरमुक्त झालो आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे तुम्ही काय बोलणार होतात? तुमचं संपणारं नाहीये, ते धरून जगायचंय, दर तीन महिन्यांनी पीएसए, म्हणजे कॅन्सर किती हलतोय ते बघायची रक्ताची तपासणी, रिपोर्टच्या आधीचा तो अख्खा आठवडा, एक औषध चालेनासं झालं की दुसरं. तुम्हाला त्याच रस्त्यावरची माणसं हवीत. चूक माझी होती.

तर काकांनी अशी चार माणसं जमवली आहेत, सगळ्यांचं हाडात गेलेलं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भेटतात, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी १० ला. आधी बागेत बसायचे, पण लघवी कधी लागेल सांगता येत नाही आणि बाकाला पाठ नाही, म्हणून हॉल. (हे ऐकल्यावरच मला खात्री पटली की ही माणसं खरी आहेत.) त्यांचा एक नियम मला फार आवडला, पीएसएचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत, आणि कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलायची नाही, ते डॉक्टरांनाच विचारायचं. बाकी काय वाटेल ते बोला. हाडं टिकावीत म्हणून देतात ते सलाईन चालू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या, हे तिथल्याच एकाने काकांना सांगितलं होतं. आणि पाठीत नवीन जोराची कळ आली, पाय जड पडले, बधिर झाले किंवा लघवीचा ताबा गेला तर सकाळ व्हायची वाट न बघता थेट हॉस्पिटल, कारण मणक्यात नस दाबली गेली असू शकते. हे आईनेही लक्षात ठेव, फ्रीजवर लिहून चिकटव.

गाडीत तुम्ही विचारलंत, "त्यातला एखादा गेला तर?" मी सिग्नलकडे बघत राहिले. आत्ताही उत्तर नाही माझ्याकडे. जाईल कुणीतरी, आणि तुम्हाला खूप लागेल. पण तळजाईच्या ग्रुपमधले भाऊ गेले तेव्हा तुम्ही वैकुंठ स्मशानभूमीत शेवटपर्यंत थांबलात आणि दुसऱ्या दिवशी सहाला टेकडीवर होतात, बाकीचेही सगळे आले होते, तुम्हीच आईला सांगितलं होतंत.

आणि दिनूकाकाच्या वेळी तुम्ही काय म्हणायचात? घरातल्या सगळ्यांनी हात टेकले होते, तुम्हीच त्याला येरवड्याला मुक्तांगणला घेऊन गेलात, आणि तिथे त्याच्याशी बोलले ते आधी स्वतः पिणारे आणि मग सुटलेले लोक. "दिनू आपलं ऐकत नाही, त्यांचं ऐकतो, कारण ते तिथून आलेत," हे तुमचंच वाक्य.

आई, तुझ्यासाठी पण आहे हे. सकाळी बाबांना रिकाम्या पोटी चार गोळ्या, मग तासभर घड्याळाकडे बघत बसणं, मग नाश्ता आणि त्यावर स्टिरॉइडची गोळी, हे सगळं तू करतेस आणि कुणाशी बोलत नाहीस. त्या हॉलच्या ओसरीवर काकूही येतात. रात्री जागी राहून नवऱ्याचा श्वास ऐकत पडणं मला कळणार नाही, त्यांना कळेल. जमलं तर बोल, नाहीतर नुसती बस त्यांच्यात.

शनिवारी साडेनऊला मी गाडी घेऊन येतेय. फाईल घ्यायची नाही, पंचा घ्या. मी आत येणार नाही, बाहेरच थांबेन. काकांचा नंबर कॅलेंडरमागे खिळ्याला अडकवलाय, त्याआधी फोन करावासा वाटला तर करा, ते म्हणाले रात्री अडीचला केला तरी चालेल, मी जागाच असतो, घाम पुसत.

तुमची,
मनू