मांजराचा वाटा वाटण घालण्यापूर्वी काढावा

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

श्रावण लागला की आमच्या नेरुळच्या सोसायटीतील बऱ्याच घरांतून मासळी आणि कोंबडी महिनाभर हद्दपार होते आणि त्या घरांतील मांजरांच्या ताटलीत दूधभात येतो. व्रत आपले असते, मांजराने ते धरलेले नसते. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसमासळीतून मिळावे लागते आणि दीर्घकाळ कमी पडले, तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात व दृष्टीही जाऊ शकते. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दुधाचे म्हणाल, तर बहुतेक प्रौढ मांजरांना त्यातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

‘आमच्या गावाकडचा बोका जन्मभर आमटीभात खाऊन जगला’, असे माझ्या सासूबाई सांगतात व ते खरेही असेल. परंतु तो बोका रात्री कणगीमागचे उंदीर मारत होता आणि त्याचे खरे जेवण तेच होते. खिडक्यांना जाळी लावलेल्या नवव्या मजल्यावरच्या मांजराला उंदीर कोठून मिळणार? आपण जे ताटलीत घालू, तेवढेच त्याच्या पोटात जाणार.

तरीही स्वयंपाकघरातील काहीच देऊ नये, या टोकाच्या मताची मी नाही. चूक कोठे होते, ते मात्र मी स्वतःच्या चुकीवरून शिकले. रविवारच्या कोंबडीच्या रश्श्यातील तुकडा नळाखाली धुऊन मी आमच्या चिंगीला देत असे. तिखट गेले म्हणजे झाले, अशी माझी समजूत होती. शिवाय शिळा रस्सा दोन दिवस पुरायचा, म्हणजे तिचाही वाटा दोन दिवस असायचा. एकदा तिने खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवीचा रंग तांबूस तपकिरी झाला. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरात वाटण कशाचे असते?’

कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. शिजवल्याने, परतल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही आणि मांसात मुरलेले वाटण धुऊन निघत नाही. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदाही रक्तात बिघाड करू शकतो. ४ किलोच्या मांजराच्या हिशेबाने हे २० ग्रॅम झाले, म्हणजे मध्यम कांद्याचा पाव भागही नाही. लसूण तर त्याहून जहाल. लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे रविवारच्या रश्श्याचा बुधवारच्या मरगळीशी संबंध कोणी जोडत नाही. चिंगी वाचली, हे आमचे भाग्य.

तेव्हापासून आमच्याकडे मीठ आणि वाटण घालण्यापूर्वीच तिचा वाटा बाजूला निघतो. त्यात हाड काढलेली उकडलेली कोंबडी असते, कधी दिवाळे गावच्या बाजारातून आणलेली मासळी काटे काढून नुसत्या पाण्यात उकडलेली, तर कधी उकडलेले अंडे. मासळी कच्ची देऊ नये, कारण काही माशांतील एक विकर (एन्झाइम) ब जीवनसत्त्वातील थायमिन नष्ट करते; शिजवल्यावर ते निष्प्रभ होते. सुकट मात्र मांजराला कितीही प्रिय असली, तरी खारवलेली असेल तर टाळलेलीच बरी. शिऱ्यातील व खिरीतील बेदाणेही टाळावेत, त्यांनी मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती असते. गंमत अशी, की मांजराला गोड चव कळतच नाही. ते शिऱ्यापाशी घुटमळते ते तुपाच्या वासाने असावे.

हा सगळा खाऊच समजावा, जेवण नव्हे; नुसत्या कोंबडीत कॅल्शियम पुरेसे नसते. दिवसभराच्या उष्मांकांपैकी एक दशांशाहून अधिक भाग खाऊचा नसावा, असे पशुवैद्य सांगतात. ४ किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक पुरतात आणि एका अंड्यात सत्तरच्या आसपास असतात. म्हणजे अख्खे अंडेही जास्तच होते, एक तृतीयांश पुरे.

इंटरनेटवर या विषयाची माहिती भरपूर आहे, पण ती बहुतांशी इंग्रजीत असते आणि तिच्यात ब्लूबेरी व टर्की यांची चर्चा असते. आमच्या घरातील प्रश्न वाटणाचा, सुकटीचा आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा आहे. मांजराच्या लसीकरणाची जी पुस्तिका दवाखान्यातून मिळते, तिच्यात आपल्याच स्वयंपाकघरातील शब्दांत लिहिलेले एक मराठी पान जोडावे, अशी ठाणे व नवी मुंबईतील पशुवैद्यांना आपल्या वर्तमानपत्राद्वारे विनंती आहे. श्रावणापूर्वी आपणही एखाद्या पशुवैद्यांकडून असा मजकूर लिहून घेऊन छापावा. इमारतीखालच्या चार-पाच मांजरांना रोज उरलेसुरले घालणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत तो वर्तमानपत्रातूनच पोहोचेल.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई