कामगार मंत्र्यांना खुले पत्र: आम्ही नेमके कुणाचे कामगार?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: कंत्राटी कामगारांकडून घेतल्या जाणाऱ्या संमतीच्या सह्या

मा. महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला आत शिरायच्या आधी ठेकेदाराच्या माणसाने गेटवरच आम्हा सगळ्यांच्या हातात एक छापील कागद दिला. मजकूर जेमतेम चार ओळींचा. मी जादा तास काम करण्यास स्वेच्छेने तयार आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, वगैरे. नाव आधीच टाइप केलेलं, तारखेची जागा कोरी. माझ्या शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्याने विचारलं, "तारीख टाकू का?" तर म्हणे, "ती आम्ही टाकतो." त्याने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालला नाही. बाकीच्यांनी सह्या केल्या, मीही केली. घरात कमावणारा मी एकटाच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तेव्हा आम्हाला दिलासा काय दिला गेला? कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम घेता येणार नाही. महोदय, ती लेखी संमती कशी घेतली जाते ते वर सांगितलं. ज्याला उद्या गेटवर अडवता येतं, त्याच्या सहीला संमती म्हणायचं का, एवढं आधी सांगा.

ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ओव्हरटाइमचा रकानाच नाही. ते पैसे 'प्रोत्साहन भत्ता' म्हणून येतात, एकपटीने, आणि त्यावर पीएफ धरला जात नाही. यावर मी कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. सुनावणीला कंपनी म्हणते हा आमचा कामगार नाही, ठेकेदार तारीख मागून घेतो, आणि साहेब पुढची तारीख देतात. सुनावणीच्या दिवसाची मजुरी बुडते ती फक्त माझी.

मी या कारखान्यात बरीच वर्षं आहे. प्रेस तीच, लॉकर तोच, सुपरवायझरही तोच. कागदावर मात्र ठेकेदार बदलत राहतो. नवा ठेकेदार आला की नवा फॉर्म, नवा नंबर, आणि माझी नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. १९७२ च्या कायद्यापासून ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते. ती पाच वर्षं माझी कधी भरूच दिली गेली नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले केंद्राचे कायदे, लागू झाल्या, त्यात मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. ऐकून आनंद झाला. मग कळलं की कंपनीने थेट करार केला तर तो मुदतीचा कामगार. आमचा कंपनीशी करारच नाही, आम्ही ठेकेदाराची माणसं. म्हणजे पुन्हा बाहेर.

या सगळ्यात मला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच आहे. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने शहरातून एक व्याख्याते बोलावले होते, विषय कामगारांची प्रेरणा. शेडच्या मागे मांडव घातला. त्यांनी अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट सांगितली. तिथे दिव्यांचा उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे असं कामगारांना वाटत होतं. टाळ्या झाल्या. मी घरी येऊन त्याबद्दल वाचलं. त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंगच्या खोलीतल्या चौदा कामगारांवरही लक्ष ठेवलं होतं, आणि ते ठरवून ठरावीक मापापुरतंच काम करत होते. जास्त काम दाखवलं तर उद्या दर कमी करतील, माणसं कमी करतील, ही भीती त्यांच्या बोलण्यात होती. व्याख्यात्यांनी ही अर्धी गोष्ट सांगितली नाही. आमच्या शेडमधल्या प्रत्येकाला ती न वाचता ठाऊक आहे. एका शिफ्टला टार्गेटपेक्षा शंभर पीस जास्त निघाले की पुढच्या सोमवारी तेच टार्गेट होतं.

मी प्रेसवर उभा असतो. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, उतरायला लागली की पीसच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, येते, बोटाला कळते, डोळ्याला नंतर दिसते. पूर्वी मी लगेच सांगायचो. एकदा माझ्या सांगण्यावरून डाय वेळेत काढली, मोठा लॉट रिजेक्ट होण्यापासून वाचला. सूचना योजनेच्या फलकावर नाव लागलं दुसऱ्याचं, कारण ती योजना फक्त परमनंट कामगारांसाठी आहे. मला बक्षीस नको होतं. माझं नाव तिथे लिहिता येत नाही, एवढं मात्र त्या दिवशी नीट कळलं. आता नवीन मुलं बर दिसली तरी गप्प राहतात, आणि मला त्यांना बोल लावता येत नाही. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की कंपनी आपली समजा?

मालक मंडळी म्हणतात कामगारांत आपलेपणा राहिला नाही, माणसं टिकत नाहीत. कशी टिकतील? आपलेपणाला समोर कुणीतरी लागतं. तुमच्या कायद्यांनी मालक आणि कामगार यांच्या मधोमध एक माणूस उभा केला, ज्याला ना यंत्र कळतं ना माल. त्याचं काम एकच, दोघांची गाठ पडू न देणं. देशातल्या संघटित कारखान्यांत आज दर पाच कामगारांत दोन कंत्राटी आहेत. तेव्हा ही माझ्या एकट्याची रड आहे असं समजू नका.

आणि हे आपोआप झालेलं नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायला किमान २० कामगारांची मर्यादा होती. आपल्या राज्याने ती ५० वर नेली, नव्या संहितेतही ५० च आहे. आमच्या एका शेडमध्ये तीन ठेकेदार आहेत, प्रत्येकाकडे पन्नासच्या आत माणसं, आणि तिघांच्या हजेऱ्या एकाच संगणकावर भरल्या जातात. परवाना कुणालाच लागत नाही. कारखान्याच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार ठेवू नयेत असं नवी संहिता म्हणते, आणि त्याच कलमात जे काम नेहमी ठेकेदारामार्फत होतं ते चालेल असंही म्हणते. इतकी वर्षं कायदा मोडला, म्हणून आता मोडणंच कायदेशीर! हे लिहिणाऱ्याने एकदा तरी रात्रपाळी केली असेल का?

राज्यघटनेत कलम ४३-अ आहे, १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेलं. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असं ते सांगतं. शंभर कामगारांच्या कारखान्यात कामगार समितीची तरतूद १९४७ पासून आहे, वीस कामगार असले की तक्रार निवारण समिती हवी असं आताची संहिता सांगते. आमच्याकडे त्या समितीचा बोर्ड कँटीनमध्ये आहे, आणि त्यावर एकही कंत्राटी नाव नाही. कँटीनची आमची वेळही वेगळी.

गुंतवणूकदारांना एक खिडकी मिळते, सवलती मिळतात, मंत्री विमानतळावर घ्यायला जातात. आमच्यासाठी खिडकी असते ती बंद, आणि त्यावर 'साहेब दौऱ्यावर' अशी चिठ्ठी. याच राज्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी परक्या सरकारच्या काळात झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते तेव्हा आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला गेला. जयंतीला हार घालताना तुम्ही सगळे या दोघांची नावं घेता. मग बारा तासांच्या फाइलवर सही करताना आठवण झाली नाही?

मागण्या मोजक्याच आहेत. गेटवर गोळा केलेल्या संमत्या रद्द करा आणि यापुढची संमती ठेकेदार व कंपनी दोघेही नसताना, तुमच्या निरीक्षकासमोर, तारखेसकट घ्या. एकाच यंत्रावर काम करणाऱ्याची सेवा ठेकेदार बदलला तरी सलग धरा. ओव्हरटाइम पगारपत्रकावर वेगळा आणि दुप्पट दाखवणं सक्तीचं करा, आणि ठेकेदाराने बुडवला तर तो मूळ मालकाकडून, म्हणजे कंपनीकडून, वसूल करा. मजुरी बुडाली तर मूळ मालक जबाबदार, ही तरतूद कायद्यात आधीपासून आहे. ती वापरली का जात नाही, याचा जाब तुमच्याच खात्याला विचारा. आणि ज्याने सही केली नाही, त्या माझ्या सहकाऱ्याला कामावर परत घ्यायला लावा. तो अजून रोज सकाळी गेटसमोर येऊन उभा राहतो, आणि सुरक्षारक्षक त्याला ठेकेदाराकडे जायला सांगतो.

आपला,
एक कंत्राटी प्रेस ऑपरेटर