लातूरच्या गाळ्याबद्दल

आई-बाबा, नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मी फोन ठेवते, म्हणून लिहूनच पाठवायले. मामा म्हणायलेत पोरीनं लातूरला स्वतःची लॅब टाकावी, चार वर्षांत माडी बांधंल, सरकारी कॉलेजात काय ठेवलंय. आणि गावात अजून विचारतात, पेशंट तपासत नाही म्हणे, मग कसली डॉक्टर? एमबीबीएसची साडेपाच वर्षं, वर पॅथॉलॉजीत, म्हणजे तुकडे-रक्त तपासून रोग ओळखायच्या शास्त्रात, एमडीची तीन, आणि लोकांच्या लेखी मी रक्त काढणारी बाई.

तर ऐका. कुणाच्या गालात गाठ आली की सर्जन तुकडा काढतो, तो कुजू नये म्हणून फॉर्मालिनमधे बुडवून आमच्याकडं येतो. रात्रभर मशीनमधे राहतो, मेणाच्या ठोकळ्यात बसतो, मग टेक्निशियन त्याचे तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ, काप घेतो, ते कोमट पाण्यावर पसरतात, तिथून काचेवर उचलून रंग द्यायचा, जांभळा आणि गुलाबी. वरच्या थराच्या पेशी खालचा पडदा फोडून आत घुसल्यात का, एवढंच बघायचं असतं, पण ऑपरेशन केवढं करायचं ते त्याच्यावरच ठरतं. कधी पेशंट टेबलावर भुलीत असतानाच कडेचा तुकडा गोठवून वीसेक मिनिटांत थिएटरला सांगावं लागतं, अजून काढा नाहीतर बस झालं. त्या माणसाला माझं तोंडसुद्धा दिसत नाही, आणि खरं सांगू का, मला ते आवडतं.

खासगी लॅबमधे पैसा शुगर, थायरॉईड, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत आहे. लिम्फोमासारखी, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची, अवघड बायोप्सी डोकं खाते, पेशी कुठल्या जातीची ते ओळखायला एकेक मार्कर लावत बसायचं, चार जणांना स्लाईड दाखवायची, भांडायचं. हे दुकानात परवडत नाही. कॉलेजात परवडतं, आणि बाजूला शिकणारी पोरं बसलेली असतात ती उद्या बीडला, परभणीला हेच बघणारेत.

आई, 1999 नंतर आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गावोगाव बायकांची तपासणी चालायची, आठवतं का? तू म्हणाली होतीस, आम्हाला काय धाड भरलीय तपासायला. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं होती त्यात, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका होत्या, गावांचे 52 गट करून. 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आलं की एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच केली तरी त्याच्यामुळं होणाऱ्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभर शिकवतात ते! मी वर्गात सांगते तेव्हा पोरांना आवर्जून सांगते की हे आमच्या जिल्ह्यातलं, थोडा भाव खाते. आणि त्यातही कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावून बायोप्सी बघत बसलं होतंच की.

पगार कमीय, मान्य. बदलीची टांगती तलवार आहे, तेही मान्य. तरी मी लॅब टाकणार नाही, त्यामुळं मामांना गाळ्याचा बयाणा देऊ नका म्हणावं, दिला असंल तर परत मागा आणि त्या पैशात विहिरीची मोटर बदला, किती वर्षं जाळताय ती.

बाबा, जेवताना तोंडात आग होते म्हणता आणि मिरचीला बोल लावता. सुपारी बंद करा आधी. दिवाळीला आले की मी टॉर्च लावून बघणार, तेव्हा आईच्या मागं लपायचं नाही.

तुमची,
ताई