दोन बोटांचं काय घेऊन बसलायस?

टोक्यो,
रविवार रात्र

प्रिय मंदार,

नमस्कार-चमत्कार तू गृहीत धर, मला आधी तुझ्याशी भांडायचंय. माझ्या लेकीच्या, इराच्या विमानतळावरच्या प्रकरणावर तू लिहिलंस, ‘आधारला आपण दहा बोटं आणि दोन डोळे देऊन मोकळे झालो, रेशनच्या दुकानात अंगठे लावतोय, आणि तू दोन बोटांचं काय घेऊन बसलायस?’ वाक्य झकास आहे, पण गोम तिथेच आहे. आधारला तू ठसे दिलेस, तुझ्या शेजाऱ्याने दिले, कलेक्टरनेही दिले. ज्यांना पटलं नाही ते सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन भांडले. इथे विमानतळावर ठसे घेतात ते फक्त परक्यांचे. आणि परका म्हणजे नुसता चेरीची फुलं बघायला आलेला पाहुणा नव्हे. इथे संसार थाटलेला, कर भरणारा, पेन्शनचा हप्ता चुकवायची हिंमत नसलेला माणूससुद्धा त्यातच.

नियम २० नोव्हेंबर २००७ पासूनचा आहे. सोळा आणि त्यापुढच्या प्रत्येक परदेशी माणसाने जपानमध्ये शिरताना दोन्ही तर्जन्या यंत्राच्या काचेवर ठेवायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. नकार दिलात तर आल्या वाटेने परत. वगळलंय ते राजनैतिक अधिकाऱ्यांना, सरकारी पाहुण्यांना, सोळाच्या आतल्या मुलांना आणि ‘विशेष कायम रहिवाशां’ना. मी कायम रहिवासी आहे, पण विशेष नाही. असली पद्धत अमेरिकेने २००४ मध्ये आधी आणली, हे खरं. पण जपानने ती उचलली तेव्हा अमेरिकेत ग्रीन कार्डवाले त्यातून वगळलेले होते. त्यांनाही २००९ मध्ये त्यात ओढलं. जपानने पहिल्या दिवसापासून ती सवलत दिली नाही.

आता इराचं. फोनवर नीट सांगता आलं नव्हतं.

अकरावीची सहल तैपेईला गेली होती. तैवानही उतरताना परदेशी लोकांचे ठसे घेतं. त्यामुळे अख्खा वर्ग एका रांगेत, सगळेच परके, सगळ्यांनी बोटं टेकवली. कुणाचा फोटो कसा भयंकर आला यावरून मुलं खिदळत होती म्हणे. इराही खिदळली. तिला त्यात काही वाटलं नाही आणि मलाही वाटलं नसतं. दुसऱ्याच्या देशात पाहुणे म्हणून गेलो, त्यांनी त्यांच्या रीतीने बघून घेतलं.

परत येताना मात्र वर्ग एका बाजूने निघाला आणि ही दुसऱ्या बाजूला. सोळा पूर्ण झाल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. काउंटरवरच्या तरुणाने पासपोर्ट बघून तिच्याशी इंग्रजीत सुरुवात केली आणि बोटं कशी ठेवायची ते स्वतःची बोटं उचलून दाखवलं. ही जपानीत म्हणाली, ‘कळलं, ठेवते.’ तो ओशाळला, माफी मागितली. माणूस सभ्यच होता, त्याच्यावर माझा राग नाही. उजवं बोट यंत्राला वाचता येईना. त्याने पुसायला कापड दिलं, पुन्हा ठेव म्हणाला, मग जरा दाबून ठेव म्हणाला. तोवर काचेपलीकडे बाई मुलांची डोकी मोजत होत्या आणि एक डोकं कमी भरत होतं. ही पोचल्यावर एका मुलाने विचारलं, ‘काय गुन्हा केलास?’ थट्टाच होती. ही पण हसली. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही, आणि घरात पाऊल टाकताच मला विचारलं, ‘बाबा, माझा जन्म कुठला?’ उत्तर तिला माहीत आहे. एदोगावा वॉर्डातलं हॉस्पिटल, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर.

पण तिला खरी बोच वेगळीच आहे. तिच्या वर्गात एक कोरियन मैत्रीण आहे, इथल्या चौथ्या पिढीतली. तिचाही पासपोर्ट जपानी नाही, तरी ती जपानी मुलांच्या रांगेतून सरळ बाहेर. ती ‘विशेष’ आहे. जपानची सत्ता कोरियावर असताना जे इथे आले किंवा आणले गेले, त्यांच्या वंशजांचा तो दर्जा. तिला कुणी बोट लावायला सांगत नाही, पण ही सवलत तिच्या घराण्याला काही सहज मिळालेली नाही.

१९५५ पासून परक्यांच्या नोंदणीत ठसे सक्तीचे झाले. डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवायची आणि वॉर्ड ऑफिसातल्या कागदावर एका कडेपासून दुसरीपर्यंत लोळवायची. दर काही वर्षांनी पुन्हा. यात बहुसंख्य होते कोरियन, ज्यांची मुलं इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली. सप्टेंबर १९८० मध्ये हान जोंग-सोक नावाच्या गृहस्थांनी टोक्योच्या शिंजुकू वॉर्ड ऑफिसात सांगितलं, मी देणार नाही. एकटा माणूस. पाच वर्षांत नकार देणारे हजारोंवर गेले. इराच्या मैत्रिणीचे आजोबा १९८५ च्या त्या गर्दीतले. कॅथलीन मोरिकावा या अमेरिकन बाईंनी नकार दिला म्हणून कोर्टाने १९८४ मध्ये १० हजार येन दंड ठोठावला. दंड किरकोळ होता, पण नकारामुळे त्यांना देशाबाहेर जाऊन परत यायचा परवानाही मिळेना. सरकारने नाड्या आवळल्या त्या इथे. तुरुंगात टाकलं तर बोभाटा होतो, परतीचा परवाना अडवला की माणूस गुपचूप कोंडला जातो.

चे सन-ए नावाच्या पियानोवादक मुलीचं तर विचारू नकोस. नकार दिला म्हणून परवाना नाही. १९८६ मध्ये ती तरीही शिकायला अमेरिकेला गेली आणि जिथे वाढली त्या देशातला कायम वास्तव्याचा हक्क गमावून बसली. तो परत मिळायला १९९९ ची कायदेदुरुस्ती यावी लागली. १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो गेल्यावर सरकारने सरसकट माफी देऊन नकाराचे खटले गुंडाळले, तर काही जण त्या माफीवरच चिडले. त्यांना माफी नको होती, निकाल हवा होता. हा भाग मला फार आवडतो.

शेवटी १९९३ पासून कायम रहिवाशांचे ठसे थांबले आणि १ एप्रिल २००० पासून नोंदणीतून ते पार गेले. मधल्या काळात, डिसेंबर १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विनाकारण ठसे द्यावे न लागणं हे स्वातंत्र्य संविधानाच्या १३ व्या कलमात येतं आणि ते परक्यांनाही आहे. लगेच त्याच दमात असंही म्हणालं की तेव्हाची पद्धत मात्र घटनाबाह्य नव्हती. काय म्हणायचं याला!

म्हणजे बघ, वीस वर्षं भांडून वॉर्ड ऑफिसातून घालवलेली गोष्ट आठ वर्षं संपायच्या आत विमानतळावरून परत आली. आणताना एवढीच अक्कल वापरली की जे सर्वांत संघटित आणि सर्वांत अनुभवी होते, त्यांना बाहेर ठेवलं. उरलो आम्ही. ब्राझीलचे, फिलिपिन्सचे, चीनचे, नेपाळचे, आपण. प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येकाला व्हिसाची धास्ती. बार असोसिएशनने विरोध केला, अ‍ॅम्नेस्टीने केला, कायदा झाला तो झालाच.

कारण दिलं दहशतवादाचं. नियम लागू व्हायच्या तीन आठवडे आधी न्यायमंत्री कुनिओ हातोयामा परदेशी पत्रकारांसमोर म्हणाले, माझ्या मित्राचा मित्र अल कायदाचा आहे. खोटं वाटत असेल तर जुने पेपर काढ. दर वेळी वेगळा पासपोर्ट घेऊन तो जपानमध्ये ये-जा करायचा म्हणे. आणि १९९५ मध्ये टोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणारे सगळे जपानी पासपोर्टवाले होते, ते नागरिकांच्या रांगेतून आरामात गेले असते. नियम आल्यानंतर २००८ मध्ये हद्दपार केलेली एक बाई बोटांवर टेप चिकटवून अओमोरी विमानतळावरून आत आली. खोट्या पासपोर्टवर परत येणारे यामुळे पकडले जातात, हे मी नाकारत नाही. तो उपयोग खरा आहे. पण माझ्याकडे सरकारनेच दिलेलं, चिप आणि फोटो असलेलं रेसिडेन्स कार्ड आहे. माझा पत्ता वॉर्ड ऑफिसला माहीत, पगार टॅक्स ऑफिसला माहीत. मी तोच आहे हे एकदा तपासा ना. आईला भेटून परत येणाऱ्या माणसाचा चेहरा हद्दपारांच्या यादीशी दर वेळी का ताडायचा?

गंमत म्हणजे ठशांच्या शास्त्राचा एक उगम इथलाच. टोक्योतल्या त्सुकिजीत हेन्री फॉल्ड्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या स्मरणार्थ एक दगड आहे, माझ्या जुन्या ऑफिसच्या वाटेवर. त्याने १८८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ठशांवर लिहिलं, आणि त्यात भिंतीवरच्या काजळीच्या ठशांमुळे एकावरचा संशय कसा टळला, हेही होतं. निर्दोष माणूस सुटला, हीही त्यातली एक फुशारकी!

तू गांधींचं उदाहरण देणार, मला माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालमध्ये १९०६ ला हिंदी लोकांवर दहा बोटांच्या सक्तीचा घाट घातला गेला, त्यातून सत्याग्रह उभा राहिला, आणि १९०८ मध्ये समझोता झाल्यावर गांधी स्वतः ठसे द्यायला गेले. बरोबर. सक्ती उठणार या भरवशावर गेले. तो भरवसा मोडल्यावर त्याच वर्षी नोंदणीची प्रमाणपत्रं जाळली गेली. माझ्यापुढे असला समझोताच नाही, मंदार. मी देतो कारण न दिल्यास मला माझ्या घरी जाता येत नाही.

आणि हो, पाहुण्यांचे ठसे घ्यायला माझा तेवढा विरोध नाही. आवडत नाही, पण तिथे मी दात-ओठ खाणार नाही. मला खटकतं ते राहत्या माणसाला प्रत्येक परतीला नव्याने पाहुणा करणं.

इराने स्वतःपुरता यावर उपाय शोधलाय. अठरा पूर्ण झाले की जपानी नागरिकत्वाचा अर्ज करणार म्हणते. तिच्या आईला, सुनीताला, ते रास्त वाटतं. मला वाटतं की दोन बोटांसाठी पासपोर्ट सोडायचा, हा सौदा उलटा आहे. दोन नागरिकत्वं ना भारत ठेवू देत, ना जपान. पण निर्णय तिचा आहे आणि तिच्यावर मी माझा हट्ट लादणार नाही. तेव्हा भांडण बाजूला ठेवून एक काम कर. तुझ्या ताई अशा प्रकरणांत वकिली करतात ना? भारतीय पासपोर्ट परत करताना कुठले कागद लागतात आणि पुढे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) काढायला आमच्या जन्मदाखल्यांच्या कुठल्या प्रती लागतील, एवढं त्यांना विचारून कळव. माझा दाखला गावच्या ग्रामपंचायतीतला आहे आणि त्यावर माझं नाव ‘बाळ’ एवढंच लिहिलंय, हेही त्यांच्या कानावर घाल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध